शेजाऱ्याची वाटी

अंबरनाथच्या पूर्वेस आनंदनगरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत प्रांतोप्रांतींचीं माणसें पोटासाठीं येतात आणि आसपासच्या चाळींत व इमारतींत भिंतीला भिंत लावून राहतात. अशा ठिकाणीं ईदेच्या दिवशीं एखाद्या ब्राह्मण कुटुंबाचें दार वाजतें आणि शेजारची बाई झांकलेली वाटी पुढें करते. वाटींत शीरखुर्मा असतो. म्हणजे दूध, शेवया, खजूर आणि सुका मेवा. वाटी हंसतमुखानें घेतली जाते. दार लागल्यावर मात्र घरांत प्रश्न उभा राहतो, कीं हिचें आतां करावें काय?

हा प्रसंग आम्हांस कल्पनेनें रचावा लागत नाहीं. आमच्याच घरीं एके काळीं ती वाटी मागील दारीं झाडाच्या आळ्यांत ओतली जाई, भांडें उकळत्या पाण्यानें धुतलें जाई आणि परत देतांना 'फार छान झालें होतें' असें सांगितलें जाई. अन्न टाकल्याचा अथवा असत्य बोलल्याचा दोष कोणास वाटत नसे. हें लिहितांना आम्हांस संकोच होतो. परंतु त्या वाटीमागें केवढें धर्मशासन उभें होतें, हें आम्हांस उशिरां कां होईना कळलें. तें वाचकांपुढें ठेवणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

कुराणाच्या चौथ्या अध्यायांत एका ईश्वराची भक्ति सांगून त्याच वाक्यांत कोणाकोणाशीं चांगलें वागावें, हें सांगितलें आहे. आईबाप, आप्तेष्ट, अनाथ आणि दीनदुबळे यांच्यामागून तेथें जवळचा शेजारी, दूरचा शेजारी, सोबती व वाटसरू येतात. 'दूरचा शेजारी' म्हणजे जो नात्याचा नाहीं तो, असें कित्येक भाष्यकार म्हणतात. कांहींनीं तर परधर्मीय शेजारी असाच अर्थ केला आहे. एकशें सातव्या अध्यायाचें नांवच 'माऊन' आहे. नमाज पढूनही जे लोक माऊन नाकारतात, त्यांचा त्यांत धिक्कार आहे. माऊन म्हणजे काय, याचें एक जुनें उत्तर मोठें घरगुती आहे: शेजाऱ्यानें मागितलेली बादली, भांडें, कुऱ्हाड. उपासनेची परीक्षा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर घेणारा हा विचार आमच्या गृहिणींस परका वाटूं नये.

पैगंबर महंमद यांच्या वचनांचा व आचरणाचा जो संग्रह हदीस म्हणून प्रसिद्ध आहे, त्यांतही हाच सूर आहे. शेजारी उपाशी असतां जो स्वतः पोटभर जेवतो, तो खरा श्रद्धावान नव्हे. रस्सा करावयाचा तर त्यांत पाणी थोडें अधिक घालावें आणि शेजाऱ्याचा वांटा काढावा. शेजारणीची भेट कितीही क्षुल्लक असली तरी तिला कमी लेखूं नये. मजुराचा घाम सुकण्यापूर्वीं त्याचें वेतन त्याच्या हातीं पडावें. हा शेवटचा उपदेश तर कोणत्याही कारखान्याच्या दारावर कोरून ठेवण्याजोगा आहे. पैगंबरांचे एक अनुयायी अब्दुल्ला इब्न अम्र यांच्या घरीं बकरी कापली गेली, तेव्हां त्यांनीं प्रथम विचारलें तें हें, कीं आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वांटा पोंचला ना? एका यहुद्याची प्रेतयात्रा जात असतां पैगंबर उठून उभे राहिले. तो परधर्मीय होता असें कोणीं सुचवितांच, तोही एक जीवच नव्हता काय, असें त्यांनीं उलट विचारलें.

येथें प्रेम हा केवळ मनाचा उमाळा मानलेला नाहीं, त्याला माप लावून दिलें आहे. वर्षभर राहिलेल्या ठरावीक मर्यादेवरील धनाचा चाळिसावा भाग जकात म्हणून गरजूंस द्यावयाचा. रमजानच्या ईदेस नमाजापूर्वीं गरिबांसाठीं धान्याचा वांटा काढावयाचा, म्हणजे त्या दिवशीं कोणी उपाशी राहूं नये.

आमच्या कोंकणास हें वळण नवें नाहीं. पालघर जिल्ह्यांतील चिंचणी येथें सांपडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट पाहावा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीनें संजाणचा कारभार एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत असे. 'महंमद' या नांवाचें संस्कृत रूप ताम्रपटांत 'मधुमति' असें आलें आहे. त्यानें नदीवर फुकट नावा ठेविल्या, भात, कालवण व तूप मिळणारें अन्नछत्र घातलें आणि अण्णैय नांवाच्या ब्राह्मणानें बांधलेल्या देवीच्या मठास दान देवविलें. हजार वर्षांपूर्वीं एका मुसलमानाच्या छत्रांत तूपभात मिळत होता!

आतां अंबरनाथ परिसराच्या जवळचें उदाहरण. मलंगगडावर हाजी मलंगांचा दर्गा आहे. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांत अशी हकीकत आहे, कीं १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर पेशव्यांच्या वतीनें कल्याणचे ब्राह्मण काशिनाथपंत केतकर यांनीं तेथें चादर वाहिली व कबरीची डागडुजी केली. पुढें १८१७ सालीं ब्राह्मणाच्या व्यवस्थेस हरकत निघाली, तेव्हां चिठ्ठ्या टाकण्यांत आल्या आणि तिन्ही वेळां कौल पंतांच्याच बाजूनें पडला. तेव्हांपासून पिढ्यान् पिढ्या केतकर घराण्याचा त्या व्यवस्थेशीं संबंध राहिला आहे. दर्गा कीं मच्छिंद्रनाथांची समाधि, हा वाद अलीकडे पेटला आहे. त्याचा निवाडा न्यायालयानें करावा. परंतु तो होईपर्यंत गडाच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांनीं परस्परांचें शेजारपण मोडूं नये.

कांहीं वाचक म्हणतील, कीं ग्रंथांतील वचनें एक आणि इतिहासांतील तलवारी दुसऱ्या. तलवारी आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जे धर्मासाठीं तुमच्याशीं लढले नाहींत आणि ज्यांनीं तुम्हांस घरांतून हुसकावलें नाहीं, त्यांच्याशीं भलेपणानें व न्यायानें वागण्यास ईश्वराची आडकाठी नाहीं, असें साठाव्या अध्यायांत स्पष्ट आहे. जे मुसलमान तें विसरतात, ते आपल्याच ग्रंथाचे अपराधी होत. आणि सर्वांभूतीं एकच आत्मा पाहण्याची शिकवण पाठ असतांही आम्ही ती वाटी आळ्यांत ओतली, हा अपराध कोणाचा? आपला धर्म ग्रंथांवरून मोजावयाचा आणि दुसऱ्याचा आचरणावरून, हा तराजू खरा नव्हे.

एक गोष्ट वाटीहूनही मोठी आहे. नांव ऐकून खोली नाकारण्याची चाल आज पुष्कळ इमारतींत आहे. जेथें शेजारी होऊंच दिला जात नाहीं, तेथें शेजारधर्म कोणीं कोणाशीं पाळावा?

मांसाहार वर्ज्य असेल तर तसें मोकळेपणानें सांगावें. सुज्ञ शेजारीण रागावणार नाहीं. शीरखुर्म्यास मात्र ती अडचण नाहीं. तो घरांतील मुलांसह आवडीनें खावा. शेजारचें भांडें रिकामें परत करूं नये, हा आपल्या आज्यांचा दंडक तर वाचकभगिनींस ठाऊक आहेच. वाटीबरोबर चार लाडू जाऊं द्यावेत.