दोन बालाघाट

पुण्याकडील सोयऱ्यांना आम्ही बालाघाटचे म्हणून सांगितले, की त्यांच्या डोळ्यांसमोर बीड-धाराशिवकडील डोंगररांग उभी राहते. वैनगंगेकाठी, गोंदियाच्या उत्तरेस, मध्य प्रदेशातही एक बालाघाट आहे आणि तेथे आमच्या पिढ्या गेल्या, हे मागाहून समजावून द्यावे लागते. दोष त्यांचा नव्हे; नाव ऐकताच जे आधी सापडले तेच खरे, अशी मनाची रीत आहे. संगणकाचीही तीच रीत, हे आम्हांस गेल्या पंधरवड्यात कळले.

आमच्या भाचीला जावा या संगणकभाषेचे प्रात्यक्षिक द्यावयाचे होते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जगापुढे आणलेली ही भाषा. भाचीने तिचा संच उतरवून घेतला. पण 'जावासी' ही आज्ञा दिली, की यंत्र म्हणे, या नावाचे येथे कोणी नाही. दुकानदाराने निकाल दिला, सारे पुसून नव्याने भरावे लागेल. त्याच यंत्रात आमच्या मातोश्रींनी अखेरच्या दिवसांत सांगितलेली भुलाबाईची गाणी टंकलेली होती. "मामा, दुकानात नेऊ नका," एवढेच ती म्हणाली. प्रथम आम्ही गाण्यांची प्रत पेनड्राइव्हवर उतरविली. हे आधीच करावयास हवे होते!

आज्ञा मिळताच यंत्र घरभर शोध घेत नाही. चालू फोल्डर पाहून झाले, की 'पाथ' नावाच्या यादीतले पत्ते तेवढे क्रमाने धुंडाळते. भाचीने झिप फाइल नुसती उलगडून ठेवली होती. यादीत तिचा पत्ता चढलाच नव्हता. आम्ही 'जावा_होम' या नावापुढे संचाच्या फोल्डरचा पत्ता लिहिला. (पहिल्या खेपेस त्यात 'बिन'ही जोडले, ती चूक. जावा_होम हे घर, बिन ही त्यातली खोली.) पाथमध्ये मात्र त्या खोलीचाच पत्ता हवा. तरी यंत्र ढिम्म. अर्ध्या तासाने ध्यानात आले, की आज्ञांची खिडकी आधीपासून उघडी होती. ती उघडतानाची यादी बरोबर घेऊन बसते, मागाहून केलेली दुरुस्ती तिच्या कानी जात नाही. मिटून पुन्हा उघडली, तेव्हा जावासी सापडला.

आनंद पळभरच. तयार झालेला प्रोग्रॅम चालविताच तक्रार आली, की ही ६१ क्रमांकाची फाइल, मला ५२ पर्यंतच कळते. ६१ म्हणजे जावा १७ आणि ५२ म्हणजे जावा ८. कोण्या जुन्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली, २०१४ साली निघालेली जावा ८ आत ठाण मांडून होती. तिच्यापाशी प्रोग्रॅम चालविण्याची सोय होती, जावासी नव्हता. म्हणून जावासी नव्या घरी सापडला आणि जावा जुन्याच घरी. हाच तो दुसरा बालाघाट! आम्ही नवा पत्ता वापरकर्त्याच्या यादीत अगदी वर लिहिला होता. परंतु विंडोज साऱ्या यंत्राची यादी आधी वाचते, वापरकर्त्याची नंतर. पत्ता यंत्राच्या यादीत सर्वांत वर नेला, नवी खिडकी उघडली, आवृत्ती विचारली. उत्तर आले, १७.

जुनी जावा काढून टाकिली नाही. मेहुण्यांचा हिशेब तिच्यावरच चालतो, असा आमचा संशय आहे.

प्रात्यक्षिक आटोपल्यावर भाचीने आजीची गाणी मोजणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. सत्तेचाळीस निघाली. ताई म्हणते, दोन राहिली आहेत.