इंडियाना जोन्सचे वार्धक्य

१८ मे २०२३ रोजी कान येथील महोत्सवात 'इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी' हा चित्रपट प्रथम दाखविला गेला, तेव्हा त्याचा नायक हॅरिसन फोर्ड याने वयाची ऐंशी वर्षे पुरी केलेली होती. डोक्यावर तीच तपकिरी टोपी, कमरेला तोच चाबूक आणि जॉन विल्यम्स यांची तीच धून. पुढे जगभरातून या चित्रपटाला सुमारे ३८ कोटी डॉलर मिळाले. परंतु निर्मितीचाच खर्च ३० कोटींच्या घरात गेलेला आणि जाहिरातीचा त्याहून निराळा, त्यामुळे व्यापाराच्या वहीत तो बुडीत खाती पडला. कारणही तत्काळ सांगण्यात आले. नायक म्हातारा झाला, आता त्याला कोण पाहणार? हे निदान सोयीचे आहे, पण खरे नाही. शाळकरी वयात या मालिकेचा पहिला चित्रपट पाहिलेला आणि पुढच्या प्रत्येकाची वाट पाहत पन्नाशी ओलांडलेला जो प्रेक्षक आहे, त्याची तक्रार नेमकी उलट आहे. नायक म्हातारा झाला याचे त्याला दुःख नाही. त्याला धड म्हातारे होऊ दिले नाही, याचे आहे.

ही तक्रार समजण्यासाठी १९८१ सालच्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'कडे वळावे लागते. जॉर्ज लुकास व स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तो रचला तो १९३०-४० च्या दशकांतील साखळीपटांच्या धाटणीवर. दर आठवड्याला नायक कड्यावरून कोसळावा आणि पुढच्या आठवड्यात अंग झटकून उभा राहावा, असा तो प्रकार. या दोघांनी सगळे सांगाडे तेथूनच उचलले, परंतु एक गोष्ट मुळापासून बदलली. त्यांच्या नायकाला लागते. तो मार खातो, घाबरतो, सापांपुढे त्याची बोबडी वळते, आणि विजय मिळाल्यावरही त्याचे अंग ठणकत राहते. चालत्या ट्रकखालून तो फरफटत जातो, त्या प्रसंगासाठी टेरी लेनर्ड या स्टंटकाराने खरोखरच स्वतःला ट्रकखाली झोकून दिले होते. अंगाला जागा मिळावी म्हणून रस्त्यात चर खोदण्यात आला होता. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये याकिमा कॅनट याने घोडागाडीखाली जे साहस केले, त्याला दिलेली ती मानवंदना होती. कैरोच्या बाजारातील काळ्या वेषाच्या तलवारबाजाचा प्रसंग तर याहून बोलका आहे. तेथे चाबूक आणि तलवार यांचे लांबलचक द्वंद्व योजलेले होते. परंतु ट्युनिशियात चित्रण चालू असताना फोर्ड पोटाच्या विकाराने इतका बेजार झाला होता की, उभे राहणेही मुश्किल. तेव्हा नायकाने कंटाळून पिस्तूल काढावे आणि गोळी घालून मोकळे व्हावे, असे ठरले. साऱ्या मालिकेत ज्या क्षणाला प्रेक्षक सर्वांत मोठ्याने हसला, तो एका आजारी माणसाच्या थकव्यातून जन्मला.

१९८४ च्या 'टेम्पल ऑफ डूम'च्या वेळी फोर्डच्या पाठीचा मणका दुखावला आणि उपचारासाठी त्याला अमेरिकेत परतावे लागले. मधले काम व्हिक आर्मस्ट्राँग या त्याच्या बदली स्टंटकाराने निभावले. भारतीय चाहत्याच्या पाठीलाही त्या चित्रपटाने कळ लावली, हे येथे नमूद केले पाहिजे. कालीचे उपासक म्हणजे नरबळी देणारे राक्षस आणि भारतीय राजवाड्यातील मेजवानी म्हणजे माकडाचा मेंदू, ही त्यातील कल्पना. भारत सरकारने संहितेला हरकत घेतली आणि चित्रण श्रीलंकेत कँडीच्या परिसरात हलले. त्यातील पुजारी मोलाराम रंगविला अमरीश पुरी यांनी. मुंबईच्या रंगभूमीवर सत्यदेव दुबे यांच्या हाताखाली घडलेल्या या नटाने त्या पोरकट भूमिकेतही जरब आणली. येथील प्रेक्षकाने अपमान ओळखला आणि चित्रपटही पाहिला. चाहत्याचे प्रेम आंधळे असते असे म्हणणारांनी हे ध्यानात घ्यावे. त्याला दिसते सगळे, तो हिशेब मनात ठेवतो एवढेच.

१९८९ च्या तिसऱ्या चित्रपटात शॉन कॉनरी नायकाचा बाप झाला. वस्तुतः तो फोर्डहून अवघ्या बारा वर्षांनी मोठा. पण त्या जोडीत जो जिव्हाळा होता, त्यापुढे कोणी वयाचे गणित मांडत बसले नाही. मालिका तेथेच थांबती तर बरे झाले असते. १९ वर्षांनी, २००८ साली, ती पुन्हा सुरू झाली आणि अणुस्फोटात एका शीतकपाटात दडून नायक जवळजवळ जसाच्या तसा बाहेर आला. त्या दृश्याची टवाळी झाली ती अशक्यतेमुळे, असा समज आहे. अशक्य गोष्टी पहिल्या चित्रपटातही होत्या. खटकले ते हे की, त्याला काही लागले नाही.

म्हणूनच पाचव्या चित्रपटाची सूत्रे जेम्स मँगोल्ड यांच्याकडे गेली तेव्हा जुन्या चाहत्याच्या आशा पालवल्या. २०१७ च्या 'लोगन'मध्ये याच दिग्दर्शकाने जखमा न भरणारा, खोकणारा, थकलेला नायक निष्ठुर सचोटीने दाखविला होता. त्याच्या हाती ऐंशी वर्षांचा जोन्स म्हणजे योग्य मूर्तिकाराच्या हाती योग्य दगड. पण झाले काय? पहिली सुमारे पंचवीस मिनिटे १९४४ सालात घडतात आणि तेथे संगणकाने जुन्या चित्रफितींतून उकरून काढलेला तरुण फोर्ड आगगाडीच्या टपावरून धावतो. कारागिरी थक्क करणारी आहे, हे कबूल. परंतु चेहरा पंचेचाळिशीचा आणि आवाज ऐंशीचा, असा हा जोड आहे. तो धावतो, पण त्याला धाप लागत नाही.

मराठी प्रेक्षकाला यातील उणीव कळण्यास फार दूर जावे लागणार नाही. बालगंधर्व उतारवयातही तरुण नायिकांच्या भूमिका करीत. देह सुटलेला, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या रंगालाही न जुमानणाऱ्या. तरीही नाट्यगृहात माणसे येत, आणि पहिले पद सुरू झाले की समोरच्या त्या थकल्या नटात त्यांना जुनी रुक्मिणी, जुनी सिंधू दिसू लागे. ते तारुण्य नटाजवळ नव्हते. ते प्रेक्षक घरून घेऊन येत होता. त्यावर टीका करणारे तेव्हाही होते आणि त्यांचे सर्वस्वी चुकत होते असे नाही. पण नट आणि रसिक यांच्यामधला तो व्यवहार जिवंत होता. संगणकाने आता हे काम प्रेक्षकाकडून काढून घेतले आहे. आठवणीने जे भरायचे ते पडद्यावर आधीच भरलेले, तेव्हा आठवण करील काय?

फोर्डच्या संमतीने आणि त्याच्या डोळ्यांदेखत हे घडले, हे खरे. पण हा चित्रपट अमेरिकेत लागल्यावर दोनच आठवड्यांनी, १४ जुलै २०२३ रोजी, हॉलीवूडचे नट संपावर गेले आणि नटाची यांत्रिक प्रतिकृती कोणी, कोणत्या अटीवर वापरावी हा त्या ११८ दिवसांच्या संपातील एक मुख्य प्रश्न होता. ज्या प्रेक्षकवर्गाला नायकाचे म्हातारपण सोसवत नाही, तोच या प्रतिकृतींचा गिऱ्हाईक आहे. निर्मात्यांना दोष देताना चाहत्याला आपला वाटा नाकारता येणार नाही. जुना जोन्स दाखवा, असा धोशा वर्षानुवर्षे त्यानेच लावलेला होता.

पंचवीस मिनिटांनंतर जे येते ते मात्र अस्सल आहे. १९६९ सालच्या न्यू यॉर्कमध्ये, अंगात केवळ चड्डी असलेला एक वृद्ध प्राध्यापक खुर्चीतून दचकून जागा होतो आणि शेजारच्या पोरांच्या गाण्याबजावण्याबद्दल तक्रार करायला निघतो. मुलगा व्हिएतनाममध्ये गेलेला, बायको घटस्फोटाच्या वाटेवर, आणि सेवानिवृत्तीची भेट म्हणून सहकाऱ्यांनी दिलेले घड्याळ तो रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाच्या हाती देऊन टाकतो. ही दहा मिनिटे म्हणजे चित्रपट काय होऊ शकला असता, याचा दाखला. पुढे भुयारी रेल्वेत घोडा आणि टँजिअरच्या गल्ल्यांतून तीनचाकी, असा पाठलागांचा रतीब सुरू होतो. एका गुहेत कडा चढताना तो आपल्या दुखण्यांची यादी सांगतो खरा. पण ती सांगावी लागते, यातच सारे आले. १९८१ साली ती दिसत होती.

उत्तरार्धात एक विलक्षण प्रसंग आहे. अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजात विसाव्या शतकाच्या आरंभी जे दंतचक्रांचे प्राचीन यंत्र सापडले, ते आर्किमिडीजने घडविले आणि ते कालप्रवासाचे साधन होते, अशी चित्रपटाची कल्पना. त्याच्या योगाने जखमी जोन्स इसवी सनापूर्वी २१२ च्या सुमारास, रोमनांनी वेढलेल्या सिराक्यूजला पोचतो. आयुष्यभर ज्या भूतकाळाची शकले वेचली, तो साक्षात समोर उभा! मला येथेच राहू द्या, असे तो विनवतो. थिएटरात बसलेल्या जुन्या चाहत्याची विनवणी याहून निराळी नव्हती. येथे नायकाला निवड करू दिली असती, राहण्याची वा परतण्याची, तर हा चित्रपट मालिकेतील पहिल्याच्या शेजारी बसता. परंतु त्याची मानसकन्या हेलेना एक ठोसा लगावून त्याला बेशुद्ध करते आणि तो जागा होतो तो आपल्या घरात. त्या वयाच्या माणसाचा सर्वांत मोठा निर्णय दुसऱ्याने उरकला.

घरी मॅरियन येते. पहिल्या चित्रपटात ठेचकाळलेल्या जोन्सला तिने, न दुखणारी जागा कोणती ते विचारून, तेथे ओठ टेकले होते. या वेळी विचारणारा तो असतो आणि दुखणे तिचे. दोन म्हातारी माणसे, एक साधी खोली, ना यंत्र ना पाठलाग. चाळीस वर्षांची चाहतेगिरी या दोन मिनिटांत फिटते. चित्रपट येथे संपत नाही. बाहेर दोरीवर ती टोपी वाळत घातलेली असते. ती एक हात झपकन आत ओढतो, आणि अंधारात बसलेला पन्नाशीचा चाहता टाळी वाजवतो.