नारायणगावचं स्टेशन आणि खोडदची दुर्बीण: नक्की अडलंय कुठे?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आजही एकही रेल्वे स्टेशन नाही. पुणे–नाशिक सेमी हायस्पीडच्या मूळ आराखड्यात मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही स्टेशनं होती. मार्ग सुमारे २३५ किमी, वेग ताशी २०० किमी. पुढे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी हा मार्ग बदलून गाडी शिर्डी, अहिल्यानगरकडून नेणार असं सांगितलं. कारण दिलं खोडदच्या जीएमआरटीचं.

"दुर्बिणीला रेल्वेचा काय त्रास?" हा प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पडतो. ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किमी परिसरात पसरल्यात. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत त्या पकडतात. चंद्रावर कुणी मोबाईल चालू ठेवला, तर तोही या दुर्बिणीसाठी ठळक 'तारा' ठरेल!

आता इलेक्ट्रिक गाडी घ्या. वर २५ हजार व्होल्टची वायर. पँटोग्राफ तिच्यावरून घासत जाताना ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी एकाच वेळी असंख्य फ्रिक्वेन्सींवर गोंगाट करते. वीज चमकल्यावर रेडिओत खरखर येते ना, तसंच. शिवाय रेल्वेला संपर्कासाठी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा दिलाय, तोही दुर्बिणीच्या ऐकण्याच्या टप्प्यातच येतो. वर प्रवाशांचे फोन. (आपली तक्रार 'रेंज येत नाही', खोडदची 'रेंज येते'.)

मग सॉफ्टवेअरने फिल्टर करा की! थोडंफार करतातच. पण फिल्टर म्हणजे तेवढा डेटा फेकून देणं. ठिणगीचा गोंगाट सगळीकडे पसरलेला असेल तर काय काय फेकणार?

म्हणजे आक्षेप खरा आहे. तरी त्यावरून थेट 'तालुक्यातून रेल्वे नाहीच' असा निष्कर्ष निघत नाही, असं माझं मत. डोंगर आणि माती रेडिओ लहरी अडवतात. जीएमआरटीसाठी ही जागा निवडताना भोवतालच्या डोंगरांची आड हेही एक कारण होतं. मग डिशपासून किती किलोमीटर लांब गेलं तर चालेल? किती लांबीचा बोगदा लागेल, आणि त्याचा खर्च किती? चाकणला नोकरीसाठी पुणे–नाशिक हायवेवर रोज लटकणाऱ्या पोरांना आणि नारायणगावच्या टोमॅटोवाल्यांना हे तीन आकडे मिळायला हवेत.