जवानाची आठवण आणि त्याची बायको

रायगड जिल्ह्यात काम करणाऱ्या मैत्रिणींना माणगावचा यशवंत घाडगे यांचा पुतळा ठाऊक असेल. त्याच तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा. मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले, हा एकटा उभा राहिला. धावत जाऊन त्याने हातबॉम्ब टाकला, पुढे गोळ्या भरायला वेळ उरला नाही तेव्हा बंदूक नळीकडून धरून लढला आणि शेवटी निशाणबाजांच्या गोळ्या लागून पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय २२.

मी त्याला एकेरीत बोलवते आहे, कुणी रागावू नये. पुतळा झाला की माणूस एकदम वडीलधारा होतो. प्रत्यक्षात तो माझ्याहून बराच लहान होता. आमच्या शिबिरांत मागच्या रांगेत बसून हसणारी मुलं असतात ना, त्या वयाचा.

१९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉयच्या हस्ते ते पदक त्याच्या विधवेला देण्यात आलं. स्मृतिदिनाच्या भाषणांत तिचा उल्लेख साधारण इथेच संपतो. पदक घेणारे हात, एवढंच तिचं काम. घरी परत आल्यावर ती कोणाच्या आधाराने राहिली, तिला दुसरं लग्न करावंसं वाटलं का, कुणी विचारलं तरी का, हे त्या भाषणांत बसत नाही.

आपल्या चळवळीतही एक वाद जुना आहे. जवानांच्या स्मृतिदिनाला आपण जायचं का? काही मैत्रिणी म्हणतात, तिथे युद्धाचा उदोउदो असतो, पुढारी असतात, आपलं काय काम? त्यांचं म्हणणं मला कळतं. यशवंत ज्या युद्धात मेला ते तर राज्यकर्त्या इंग्रजांचं युद्ध होतं, आणि कोकणातली कितीतरी पोरं सैन्यात गेली ती शेताच्या तुकड्यावर घर चालत नव्हतं म्हणून. पण मला वाटतं, जायला हवं. आपण गेलो नाही तर त्या मुलाची आठवण फक्त माईकवाल्यांच्या हातात राहते, आणि त्याच्या बायकोचं काय करायचं हेही तेच ठरवतात. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ साली यशवंतच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर आहे. म्हणजे शत्रूला शिव्या न देताही आठवण काढता येते.

बायकोचं काय करायचं, हे सरकारने कसं ठरवलं होतं ते बघा. शौर्यपदकाबरोबर दरमहा भत्ता मिळतो आणि जवानाच्या मागे तो त्याच्या विधवेला मिळतो. तिने दुसरं लग्न केलं की तो बंद व्हायचा. त्याला एक अपवाद होता. तिने मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर भत्ता चालू! हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत होता, तेव्हा कुठे संरक्षण मंत्रालयाने ती भावाची अट काढून टाकली. म्हणजे इतकी वर्षं सरकारचं म्हणणं असं की बाई आणि पैसा दोन्ही त्याच घरात राहू देत. रूढी आणि सरकारी आदेश इतके गळ्यात गळे घालून चाललेले मी दुसरीकडे फारसे पाहिले नाहीत.

अट गेली, पण घरातली समजूत गेली नाही. माझ्याकडे आलेली एक मुलगी, तेविशीची, दहावी झालेली. दिवसकार्य उरकायच्या आतच सासऱ्यांनी तिला सांगितलं, धाकट्याशी लग्न लाव, नाहीतर कागदांवर सह्या कर आणि माहेरी जा. सासरेही काही राक्षस नव्हते. मुलगा गेलेला, त्याच्या पगारावर कर्ज काढलेलं, सून उद्या गेली तर आम्ही म्हाताऱ्यांनी काय खायचं, ही त्यांची भीती खरीच होती. आईबापांच्या हक्काचा प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर सुनेला दिराच्या गळ्यात बांधणं हे नव्हे. आईबापांचा वाटा सरकारने वेगळा, थेट त्यांच्या हाती द्यावा, ही मागणी आपणच लावून धरायला हवी. नाहीतर २०२४ साली 'नेक्स्ट ऑफ किन'वरून झालं तसं होतं. सासू आणि सून टीव्हीवर एकमेकींसमोर उभ्या आणि बाकीचे मजा बघतात.

त्या मुलीला मी एकदा नुसतं विचारलं, कसे होते गं ते? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, त्यांना पोहता येत नव्हतं. विहिरीला घाबरायचे. हे मी कुणाला सांगितलंच नाही, शूर माणसाबद्दल कसं सांगायचं?"

कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात मारले गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ साली स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. मोठीच गोष्ट आहे. पण वर्तमानपत्रांना तेवढीच गोष्ट आवडते, आणि मग दहावी झालेल्या मुलीला लोक विचारतात, तू का नाही जात? गणवेश घालायचा किंवा पांढऱ्या कपाळाने स्टेजवर बसायचं, याशिवाय तिसरं काही तिला मिळत नाही. तिला शिवणाचं दुकान काढायचं असेल, पुन्हा लग्न करायचं असेल, तर ती 'वीरपत्नी' राहत नाही की काय?

कपाळावरून आठवलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की गावात नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तरी तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीशेजारी बांगड्या फोडताना मी पाहिलंय, समोर बंदुकांची सलामी चालू असताना. आजूबाजूला अधिकारी, पुढारी, कॅमेरे. कुणी हात धरला नाही.

तर मैत्रिणींनो, आपापल्या तालुक्यात ज्या जवानाचा स्मृतिदिन होतो तिथे यंदा दोघी-तिघींनी जावं. हेरवाडच्या ठरावाची प्रत बरोबर न्यावी आणि सरपंचांना द्यावी. ज्यांचे नवरे आज नोकरीत आहेत त्या बायकांना बाजूला घेऊन विचारावं, लग्नाची नोंद युनिटमध्ये झाली आहे का, नॉमिनेशनवर कुणाचं नाव आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे ते ठाऊक आहे का. पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. विचारताना सासूलाही जवळ बसवून घ्यावं.