शिरूर व दौंड तालुक्यांत रुग्णांची गोपनीयता राखण्याबाबत व वैद्यकीय नोंदी रुग्णांना वेळेत मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, पुणे.

मार्फत : मा. तहसीलदार, शिरूर व मा. तहसीलदार, दौंड.

विषय : शिरूर व दौंड तालुक्यांतील शासकीय व खासगी दवाखाने, रुग्णालये, प्रयोगशाळा, तसेच औद्योगिक वसाहतींतील आरोग्य तपासण्या यांमध्ये रुग्णाची माहिती गोपनीय राहावी आणि त्याच्या नोंदींची प्रत त्याला विनाविलंब मिळावी, याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे शिरूर व दौंड तालुक्यांतील रुग्ण, त्यांचे नातेवाईक व नागरिक आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे : रुग्णाचा कागद रांगेतल्या कोणालाही वाचता येतो, पण तोच कागद रुग्णाने स्वतः मागितला तर त्याला हेलपाटे घालावे लागतात. या दोन्ही गोष्टी नियमाच्या उलट आहेत. त्या सुधारण्यासाठी नव्या कायद्याची वा मोठ्या निधीची गरज नाही. आपल्या कार्यालयाची लेखी सूचना, नेमून दिलेला अधिकारी आणि ठरलेली मुदत एवढ्यावर बरेचसे काम होऊ शकते.

कोणत्याही एका रुग्णालयाविरुद्ध ही तक्रार नाही. बहुतेक ठिकाणी अपुऱ्या जागेत, अपुऱ्या मनुष्यबळावर डॉक्टर व कर्मचारी काम करतात, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच आम्ही पद्धत बदलण्याची मागणी करीत आहोत.

१. प्रत्यक्ष परिस्थिती

मोठ्या शहरात रुग्ण गर्दीत हरवून जातो. तालुक्याच्या दवाखान्यात तसे होत नाही. केसपेपरच्या खिडकीपाशी मागेपुढे उभी असलेली माणसे गावची, भावकीतली, सोयऱ्याधायऱ्यांतली असतात. तिथे नाव, गाव आणि 'काय होतंय' हे मोठ्याने विचारले जाते आणि मोठ्यानेच सांगावे लागते. आत डॉक्टरांच्या टेबलापाशी एक रुग्ण बसलेला असतो आणि पुढचे तिघे-चौघे दारातच उभे असतात. प्रयोगशाळेत रिपोर्टचा गठ्ठा टेबलावर पडलेला असतो आणि ज्याने त्याने चाळून आपला शोधून घ्यायचा असतो. रिपोर्टचा फोटो रुग्णाच्या आधी ओळखीच्या कोणाच्या तरी मोबाइलवर पोहोचतो. जुने केसपेपर कधी रद्दीत जातात, हे कोणी लिहून ठेवत नाही.

याचे परिणाम अब्रूपुरते थांबत नाहीत. क्षयरोगाचे उपचार किमान सहा महिने नियमित घ्यावे लागतात. शेजाऱ्याला कळेल या भीतीने रुग्ण जवळचे केंद्र टाळतो, लांब जातो, मजुरी बुडते म्हणून खाडे करतो आणि आजार बळावतो. लग्नाच्या वयाची मुलगी फिट येण्याचा किंवा मानसिक त्रासाचा उपचार लपवते, कारण सोयरिकीच्या बोलण्यात ती गोष्ट आधी पोहोचते. एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती आपल्या तालुक्यातल्या दवाखान्यात आजार सांगतच नाही. गोपनीयता नसली की रुग्ण डॉक्टरांपासूनही माहिती लपवतो आणि उपचार चुकण्याचा धोका वाढतो.

आपल्या जिल्ह्याने याचा अनुभव घेतलेला आहे. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले करोनाबाधित रुग्ण पुण्यात आढळले. त्यांची ओळख समाजमाध्यमांवर फिरली आणि कुटुंबाला बहिष्कारासारखी वागणूक मिळत असल्याची तक्रार पुढे आली. करोनाबाधितांच्या घरांवर फलक लावण्याच्या प्रथेबाबत सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले, की सक्षम प्राधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा आदेश दिला असेल तरच फलक लावता येईल.

त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाशी संबंधित गर्भवती महिलेच्या मृत्यूचे प्रकरण राज्यभर गाजले. रुग्णालयाच्या अंतर्गत समितीचा अहवाल सार्वजनिक झाला आणि त्यात रुग्णाचा पूर्वीचा वैद्यकीय इतिहासही उघड झाला. राज्य महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षा रूपाली चाकणकर यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. त्या महिलेचे नाव वा आजाराचा तपशील आम्ही येथे मुद्दाम लिहिलेला नाही. आमचा मुद्दा इतकाच, की उपचारासाठी डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेली गोष्ट वादाच्या वेळी संस्थेच्या बचावासाठी वापरली जाऊ नये. गोपनीयतेचा हक्क रुग्णाचा आहे आणि मृत्यूनंतरही त्याचा मान राखला गेला पाहिजे.

संगणक आल्याने प्रश्न सुटलेला नाही. ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय यांच्या प्रतिमा साठवणारे सर्व्हर पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे असल्याचे त्यात दाखवले होते. भारतात सर्वाधिक प्रमाण महाराष्ट्राचे होते : सुमारे ३ लाख ८ हजार रुग्णनोंदी व त्यांतून दिसू शकणाऱ्या ६ कोटी ९७ लाखांहून अधिक प्रतिमा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला बरेच दिवस हाताने नोंदी लिहून काम चालवावे लागले. एकच पासवर्ड सर्वांनी वापरायचा आणि तो मॉनिटरवर चिकटवून ठेवायचा, अशी सवय असलेल्या ठिकाणी धोका किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

२. औद्योगिक वसाहतींतील कामगार

रांजणगाव, सणसवाडी व कुरकुंभ येथील कारखान्यांत हजारो कंत्राटी कामगार काम करतात. त्यातले अनेक मराठवाडा, विदर्भ व परराज्यांतून आलेले आहेत. कामावर घेण्यापूर्वी रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे, डोळे, कान अशी तपासणी होते. खर्च कंपनी किंवा ठेकेदार करतो, म्हणून रिपोर्टही आपलाच, अशी समजूत रुजली आहे. कामगार कामासाठी तंदुरुस्त आहे की नाही, एवढेच मालकाला कळणे आवश्यक आहे. त्याचा संपूर्ण रिपोर्ट ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या मोबाइलवर असण्याचे कारण नाही.

दुसरीकडे, कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीत दरवर्षीचे रिपोर्ट कामगाराजवळ असणे फार महत्त्वाचे आहे. रसायनांमुळे जडलेला आजार काही वर्षांनी दिसू लागतो. त्या वेळी भरपाई मागायची तर आधीची तपासणी दाखवावी लागते आणि ती कामगाराजवळ नसते. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात कलम ४१-सी घालण्यात आले. त्यानुसार धोकादायक प्रक्रियेतील कामगारांच्या आरोग्यनोंदी ठेवणे व त्या कामगारांना पाहायला उपलब्ध करून देणे ही भोगवटादाराची जबाबदारी ठरली. तशीच तरतूद २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे.

३. कायदा काय सांगतो

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी रुग्णाची गुपिते उघड करू नयेत, दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्यात. गोपनीयतेचे कारण सांगून खुद्द रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना कागद नाकारता येत नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच दिलेला आहे.

एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ नुसार संमतीशिवाय एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही आणि नोकरीसाठी ती चाचणी सक्तीची करता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयता व नोंदी पाहण्याचा हक्क, असे दोन्ही देतो. गर्भपात कायद्याच्या कलम ५-अ नुसार महिलेचे नाव उघड करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे व तक्रार निवारणाची व्यवस्था असणे बंधनकारक आहे.

मात्र येथे एक मोठी फट आहे. शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांना लागतो. खाटा नसलेला दवाखाना आणि स्वतंत्र प्रयोगशाळा त्याबाहेर राहतात. २०१० चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आमच्या गावांतील बरेच दवाखाने आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर चालवतात आणि त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. त्यामुळे टाकळी हाजी किंवा राहूच्या रुग्णाने तक्रार नेमकी कोणाकडे करायची, हे त्याला कोणीच सांगत नाही. ही फट जिल्हा प्रशासनच समन्वयाने बुजवू शकते.

केंद्राच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. ही मुदत तयारीसाठी आहे. ती सबब म्हणून पुढे केली जाऊ नये.

४. आमच्या मागण्या

(१) शिरूर, शिक्रापूर, न्हावरा व यवत येथील ग्रामीण रुग्णालये, दौंडचे उपजिल्हा रुग्णालय आणि दोन्ही तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३० दिवसांच्या आत टोकन क्रमांकाने पुकारा सुरू करावा. खिडकीपासून अंतर राखण्यासाठी जमिनीवर रेषा आखावी. तपासणीच्या खोलीत एका वेळी एकच रुग्ण व त्याला हवा असलेला सोबती असावा. पडदा अनिवार्य करावा व महिला रुग्णाच्या तपासणीवेळी महिला कर्मचारी हजर असावी.

(२) प्रयोगशाळेचा रिपोर्ट बंद पाकिटात, रुग्णाला किंवा त्याने लेखी नेमलेल्या व्यक्तीलाच द्यावा.

(३) नोंदींच्या प्रतीसाठी मराठीत एक पानी अर्ज ठेवावा, त्याची तारखेसह पोच द्यावी व ७२ तासांचा नियम फलकावर लिहावा. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे. बिल थकले म्हणून प्रत अडवू नये आणि झेरॉक्सच्या खर्चापेक्षा जास्त रक्कम घेऊ नये.

(४) रुग्णांचे फोटो, रिपोर्ट व नावांच्या याद्या कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाइलवर व व्हॉट्सॲप गटांत टाकण्यास मनाई करावी. आशाताई व परिचारिकांना माहिती पाठवण्यासाठी नावाऐवजी क्रमांकाची पद्धत द्यावी. त्यांच्यावर कारवाई करण्याआधी त्यांना पर्याय उपलब्ध करून द्यावा.

(५) रजिस्टरे कुलपात ठेवावीत. प्रत्येक कर्मचाऱ्याला संगणकाचा स्वतंत्र पासवर्ड द्यावा. एक्स-रे व स्कॅनचे सर्व्हर इंटरनेटवर उघडे नाहीत ना, याची तपासणी जिल्हा सूचना विज्ञान केंद्राकडून करून घ्यावी.

(६) मुदत संपलेले कागद रद्दीत न विकता यंत्राने कातरून नष्ट करावेत व त्याचा पंचनामा ठेवावा. न्यायालयीन किंवा चौकशीतील प्रकरणांचे कागद निकालापर्यंत जपावेत.

(७) औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयामार्फत कारखान्यांना सूचना द्यावी, की मालकाला वा ठेकेदाराला 'तंदुरुस्त', 'तंदुरुस्त नाही' किंवा 'अमुक कामासाठी तंदुरुस्त' एवढाच शेरा कळवावा. संपूर्ण रिपोर्ट कामगाराच्या हाती द्यावा. एचआयव्ही व गर्भधारणा चाचणी नोकरीसाठी घेऊ नये.

(८) 'आभा' हा डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक ऐच्छिक आहे, हे मराठीत सांगूनच संमती घ्यावी. क्रमांक नाही म्हणून केसपेपर नाकारू नये.

(९) वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक, डेटा एंट्री ऑपरेटर, रुग्णवाहिकाचालक यांच्यासह सर्व कायम व कंत्राटी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे व गोपनीयतेचे हमीपत्र घ्यावे.

(१०) वादग्रस्त प्रकरणांत रुग्णालय, पोलीस वा लोकप्रतिनिधी यांनी पत्रकार परिषदेत रुग्णाचा वैद्यकीय इतिहास सांगू नये, असे परिपत्रक काढावे.

(११) प्रत्येक तालुक्यात एक तक्रार अधिकारी नेमावा. दवाखाना ॲलोपॅथीचा, आयुर्वेदाचा वा होमिओपॅथीचा असो, तक्रार त्यानेच स्वीकारून योग्य परिषदेकडे पाठवावी व १५ दिवसांत तक्रारदाराला लेखी कळवावे.

५. आम्ही काय मागत नाही

क्षयरोगासारख्या अधिसूचित आजारांची शासनाला द्यायची माहिती, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील एफ नमुने, अपघात व मारहाणीच्या नोंदी, बाल लैंगिक अत्याचाराची पोलिसांना द्यायची खबर किंवा न्यायालयाने मागितलेले कागद यांत अडथळा आणण्याची आमची मागणी नाही. कायद्याने ज्याला माहिती द्यायची त्याला ती जरूर द्यावी. तीच माहिती चहाच्या टपरीवर पोहोचू नये. तसेच निष्काळजीपणा झाकण्यासाठी कोणत्याही रुग्णालयाने गोपनीयतेची ढाल पुढे करू नये.

६. विनंती

वरील मागण्यांवर जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, डॉक्टरांच्या स्थानिक संघटना व नागरिक यांची संयुक्त बैठक १५ दिवसांच्या आत बोलवावी आणि दर तीन महिन्यांनी तपासणीचा अहवाल, रुग्णांची नावे वगळून, जाहीर करावा.

या निवेदनासोबतच्या सह्यांच्या यादीत कोणाचाही आजार लिहिलेला नाही. चौकशी करताना तो कोणाला विचारला जाऊ नये, ही विनंती.

वरील १५ दिवसांच्या मुदतीत लेखी उत्तर न आल्यास आम्ही रस्ता अडवणार नाही. दोन्ही तालुक्यांतील रुग्णांना आम्ही सोबत घेऊ; प्रत्येकजण उपचार घेतलेल्या ठिकाणी स्वतःच्या नोंदींसाठी लेखी अर्ज देईल, पोच घेईल आणि ७२ तासांनंतर ज्यांना प्रत मिळाली नाही त्यांच्या पोचपावत्या आम्ही आपल्या कार्यालयात व संबंधित वैद्यकीय परिषदांकडे सादर करू.

कळावे,

आपले विश्वासू,
शिरूर व दौंड तालुक्यांतील रुग्ण, नातेवाईक व नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा रुग्णालय, औंध, पुणे
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. तालुका आरोग्य अधिकारी, शिरूर व दौंड
मा. मुख्याधिकारी, शिरूर नगरपरिषद व दौंड नगरपरिषद