चित्रातले सूर्यफूल आणि शिवारातले



व्हॅन गॉग नावाच्या डच चित्रकाराने १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल गावी सूर्यफुलांची चित्रे काढली. धाकट्या भावाने पाठवलेल्या पैशावर तो जगला आणि दोन वर्षांत मेला. १९८७ मध्ये लंडनच्या लिलावात त्याचे सूर्यफुलांचे एक चित्र जपानी विमा कंपनीने जवळपास अडीच कोटी पौंडांना घेतले. राबणाऱ्याच्या पदरात काही नाही आणि माल हातातून गेल्यावर भाव. ही कथा आपल्याला कोणी समजावून सांगायला नको!

२०२२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या नॅशनल गॅलरीत असल्याच दुसऱ्या चित्रावर दोन आंदोलक मुलींनी टोमॅटोचे सूप फेकले. काच होती म्हणून चित्र वाचले. जगभर बातमी झाली. त्याच वर्षी युक्रेनमध्ये सूर्यफुलाच्या खऱ्या शेतांवर तोफगोळे पडत होते. डी सिकाच्या १९७० च्या 'सनफ्लॉवर' चित्रपटात युद्धात हरवलेल्या नवऱ्याला शोधत बायको ज्या पिवळ्या शेतांतून फिरते, ती शेतेही युक्रेनचीच. त्या शेतांना काचेचे संरक्षण नव्हते.

लढाई तिकडे, पण चटका आपल्या कढईला बसला. सूर्यफूल तेल विकण्यात युक्रेन जगात पहिला आणि आपण त्याचे मोठे गिऱ्हाईक. पिशवी दोनशेच्या घरात गेली. लगेच मे २०२२ मध्ये सरकारने दोन वर्षांसाठी दरसाल २० लाख टन कच्चे सूर्यफूल तेल आणि तेवढेच सोयाबीन तेल बिनशुल्क आणायची मुभा दिली. पुढे जागतिक बाजारही उतरला. परिणाम? जून २०२३ मध्ये हरियाणातल्या शाहबादला सूर्यफूल उत्पादक ६,४०० रुपयांच्या हमीभावासाठी महामार्गावर बसले आणि त्यांना लाठ्या मिळाल्या. युद्ध युक्रेनचे, लाठी कुरुक्षेत्राच्या शेतकऱ्याला.

माझ्या लहानपणी आमच्या शिवारात सूर्यफूल असे. सकाळी हाताला मऊ फडके गुंडाळून फुलांवरून फिरवायचे, म्हणजे दाणा भरतो. नंतर पोपट हाकायला पत्र्याचे डबे बडवायचे. शेतकी कॉलेजात गेल्यावर त्या फडक्याला परागीभवन म्हणतात हे कळले. १९९० च्या दशकात देशात सूर्यफूल २५ लाख हेक्टरच्या आसपास पोचले होते. आज ते चार लाखांच्याही खाली आहे. नेक्रोसिस रोग आला, पोपटांनी छळले, सोयाबीन सोपे वाटले, हे सगळे खरे. पण रोगाला वाण शोधता येते. पेरताना एक शुल्क आणि काढताना दुसरे, या रोगावर कोणते वाण काढायचे?

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या घरातही तेलाची पिशवी विकतच येते, स्वस्त झाली तर बिघडले काय? प्रश्न रास्त आहे. आपण आयात बंद करा म्हणत नाही. बाहेरचे तेल येऊ द्या, आपलाही माल खुशाल बाहेर जाऊ द्या. पण सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० टक्के केले आणि मे २०२५ अखेर, ऐन खरिपाच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आणले. अशाने कोणी तेलबिया का पेराव्यात? त्याच हंगामासाठी सूर्यफुलाचा हमीभाव ७,७२१ रुपये जाहीर झाला. खरेदी केंद्र नसेल तर तो आकडा भिंतीवरच्या चित्रासारखाच. बघायला छान.

म्हणून जिल्हा बैठकीत एकच ठराव घ्यावा असे मला वाटते: तेलाचे आयातशुल्क पेरणीपूर्वी जाहीर करा आणि माल विकला जाईपर्यंत त्याला हात लावू नका. चित्राला काच लावणाऱ्या जगाला एवढी काच शेताला लावणे जड जाऊ नये.