चार ताऱ्यांचा गोपनीय अहवाल

बदली होऊन बंगळूरला आल्यापासून घरातला नळ गळू लागला तरी माणूस भ्रमणध्वनीवरूनच बोलवावा लागतो. गावी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारले की काम भागत असे. येथे आमची ओळख कोणाशी? गेल्या वर्षी असाच एक प्लंबर आला. खानापूर तालुक्यातला, त्यामुळे मराठी बोलणारा. काम चोख केले. सोसायटीच्या फाटकावर अडवून ठेवल्याने उशीर मात्र झाला. मी पाचपैकी चार तारे दिले. आम्हा शासकीय माणसांचा हात 'अत्युत्कृष्ट' लिहिताना अडखळतो. चार म्हणजे प्रशस्तीच, अशी माझी प्रामाणिक समजूत.

काही दिवसांनी तोच लिफ्टपाशी भेटला. "साहेब, काम आवडलं नाही का? सरासरी उतरली की कामं यायची कमी होतात. आणखी उतरली तर खातंच बंद."

मला देव दत्त खटला आठवला. सीमा रस्ते सेवेतील या अभियंत्याच्या १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा होता. पदोन्नतीसाठी 'अतिशय चांगला' आवश्यक होता; पदोन्नती हुकली आणि कनिष्ठ पुढे गेले. शेरा प्रतिकूल नसल्याने तो कळविण्याचे कारण नाही, असे सरकारचे म्हणणे. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. शेऱ्याचे नाव काय हे गौण. ज्याने माणसाची संधी जाते तो शेरा प्रतिकूलच, आणि प्रत्येक नोंद संबंधितास कळविलीच पाहिजे, असा तो निर्णय. २००९ पासून केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल दाखविण्याची पद्धत सुरू केली.

आमच्या अहवालास प्रतिवेदन अधिकारी असतो, त्याच्यावर पुनर्विलोकन अधिकारी असतो, अभिवेदनाची संधी असते. प्लंबरचा प्रतिवेदन अधिकारी मी, ज्याला वॉशर आणि व्हॉल्व्ह यांतला भेद ठाऊक नाही! माझ्या शेऱ्याचे पुनर्विलोकन एक गणिती सूत्र करते. फाटकावरचा उशीर, इमारतीची गंजलेली वाहिनी, कंपनीने ठरविलेला दर, यांपैकी कशावरही मी रागावलो तरी तारा कापला जातो तो त्याचाच.

ग्राहकाने मत देऊच नये काय, असे कोणी विचारील. अवश्य द्यावे. अनोळखी माणसाला घरात घेताना गृहिणीला काही आधार हवाच. माझा आक्षेप मताचा निकाल होण्याला आहे. २०२३ मध्ये अर्बन कंपनीच्या सेविका बंगळूरसह अनेक शहरांत निदर्शनास उतरल्या, त्यांच्या तक्रारींत ४.७ च्या गुणांकनाची अट आणि अचानक बंद होणारी खाती हे मुद्दे होते. पाचाच्या मापात ४.७ ही किमान पातळी असेल, तर चार देणारा ग्राहक नकळत शिक्षा फर्मावतो. हे त्याला सांगितलेले नसते. माप सरळ नसेल, तर तोलणाऱ्याच्या सचोटीचा उपयोग काय?

कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. कामावरून दूर करण्यापूर्वी १४ दिवसांची सूचना व लेखी कारण, आणि ग्राहकांच्या अभिप्रायाचा आपल्या कामावर काय परिणाम होतो हे विचारण्याचा मार्ग, या त्यातील तरतुदी मला कल्याण शुल्काहूनही मोलाच्या वाटतात. पण खाते बंद न करता नुसती कामे आटवली तर? तेथे सूचना कसली आणि कारण कसले? देव दत्तांनाही कोणी सेवेतून काढले नव्हते. म्हणून पाचाहून कमी दिलेल्या प्रत्येक तारेला कारण जोडलेले असावे, ते कारागिराला दिसावे, आणि त्याचे म्हणणे एखाद्या जबाबदार माणसाने ऐकावे. शासनाने स्वतःच्या नोकराला जे दिले, त्याहून हे अधिक नाही.

मी माझा शेरा बदलू पाहिला. तशी सोय सापडली नाही. मग मदत केंद्राला सविस्तर पत्र लिहिले, आम्हाला तेवढेच येते. उत्तरात माझ्या अभिप्रायाबद्दल आभार होते, आणि खाली, आमची सेवा कशी वाटली असे विचारणारे पाच रिकामे तारे.